मूकवाचनातला कलकलाट

समजा, शाळेतून घरी आलात. घरात कोणी नाही. फ्रिजवर एक चिठ्ठी लावलेली आहे: “दूध ओट्यावर आहे, तापवून पी. आणि आल्या आल्या टीव्ही लावलास तर बघ!”

वाचलीत? आता खरं खरं सांगा, ते ‘तर बघ’ कोणाच्या आवाजात ऐकू आलं? आई कामावर आहे, घरात चिटपाखरूही नाही, आणि कागदाला तर तोंडच नसतं. तरी आवाज आईचाच आला. काहींना तर तिची वर गेलेली भुवईसुद्धा ऐकू आली असेल!

आता हे वाचा: “रेवस, रेवस, रेवस! चला, सुटली!” अलिबागच्या एसटी स्टँडवर जो कधी उभा राहिला आहे, त्याला हे आईच्या आवाजात ऐकू येणं शक्यच नाही. तिथे कंडक्टरच लागतो, खाकी कपड्यांसकट. आणि “अलिबाग से आया है क्या?” हे वाक्य? ते मुंबईच्या सिनेमातल्या टपोरीच्या आवाजात येतं. (अलिबागकरांना हे वाक्य मुळीच आवडत नाही. २०१९ साली ते बंद करावं म्हणून एकाने थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. न्यायालयाने ती फेटाळली. पण राग रास्त होता, असं माझं मत.)

म्हणजे एका मिनिटात तुमच्या डोक्यात तीन माणसं बोलून गेली. आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटलं, काय शांत बसून वाचतंय पोर!

वर्गात बाई सांगतात, “आता मूकवाचन करा. ओठ हलता कामा नयेत.” वर्ग शांत होतो, ओठ मिटतात, पण जीभ आणि घसा आपलं काम गुपचूप चालूच ठेवतात. १९३०च्या सुमारास अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी हे पकडलं. त्यांनी माणसांच्या जिभेला आणि ओठांना बारीक तारा जोडल्या आणि सांगितलं, बोलायचं काही नाही, बोलतो आहोत अशी नुसती कल्पना करा. तरीसुद्धा स्नायूंमध्ये विजेचे इवलेसे झटके उमटले. पुढे २००४ साली नासाच्या चक जॉर्गेन्सन यांनी हनुवटीखाली आणि कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना बटणाएवढे सेन्सर लावले. माणूस मनातल्या मनात ‘थांब’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’ असं म्हणायचा आणि संगणक ते ओळखायचा. परीक्षेत उत्तरं कळवण्याची स्वप्नं बघणाऱ्यांनी लगेच खूश होऊ नये. त्या संगणकाला मोजकेच शब्द येत होते.

पण जीभ फार तर तुमच्या स्वतःच्या बोलण्याचा पत्ता देईल. चिठ्ठीत आई बोलली, तिचं काय? त्यासाठी कानाच्या जरा वर, मेंदूत डोकवावं लागतं. मेंदूचा तिथला एक पट्टा माणसाच्या आवाजाचा खास शौकीन आहे. दार वाजलं, गाडी गेली, तर तो फारसा दखल घेत नाही, पण माणूस बोलला की जागा होतो. २००० साली पास्कल बेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला.

आता दोन वाक्यं मनातल्या मनात वाचा.

आजी म्हणाली, “अरे, भरती यायच्या आत किल्ल्यातून परत ये रे!”

भरती यायच्या आत किल्ल्यातून परत यायला आजीने सांगितलं.

किल्ला आपला अलिबागचा कुलाबा. ओहोटी असली की किनाऱ्यावरून चालत जाता येतं, आणि वेळेचं भान राहिलं नाही तर पाणी वाट अडवतं. दोन्ही वाक्यांत निरोप तोच आहे. पण पहिल्यात आजी स्वतः बोलली, हाकेसकट, लांबलेल्या ‘ये रे’सकट. दुसऱ्यात नुसती माहिती मिळाली. ग्लासगोमध्ये बो याओ, बेलिन आणि क्रिस्टोफ शीपर्स यांनी अशाच जोड्या लोकांना गुपचूप वाचायला दिल्या आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. २०११ साली त्यांनी निष्कर्ष छापला: अवतरणचिन्हांतलं बोलणं वाचताना तो आवाजाचा शौकीन पट्टा जास्त जागा होतो. कानावर कोणाचंच बोलणं पडत नव्हतं, तरीही! तेव्हा बाई अवतरणचिन्हं विसरल्याबद्दल अर्धा गुण कापतात, त्यात थोडं तथ्य आहे. तुम्ही त्या पात्राचा आवाजच बंद केलेला असतो.

मेंदूतलं हे ऐकणं मोजायची आणखी एक युक्ती आहे, आणि ती समजायला अलिबागकरांइतकं सोपं कोणालाच जाणार नाही. कारण गावातच चुंबकीय वेधशाळा आहे. ती इथे का आली, माहीत आहे? मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी व्हायच्या. मग शहरात विजेवरच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. विजेचा प्रवाह जिथे वाहतो तिथे आसपास चुंबकत्वही तयार होतं. ट्राम धावू लागल्यावर वेधशाळेची यंत्रं पृथ्वीचं ऐकायचं सोडून ट्रामचंच ऐकत बसली असती. म्हणून हे काम खाडीपलीकडे, शांत अलिबागला हलवलं. इथे १९०४ पासून नोंदी होत आहेत. मोजणीच्या इमारतीत लोखंडही नको, कारण लोखंड म्हणजे पुन्हा चुंबकत्वाची लुडबुड.

आता डोक्याकडे या. विचार करताना मेंदूच्या पेशींमध्ये वीज खेळते. म्हणजे डोक्याभोवतीही चुंबकत्व तयार होणारच! होतं, पण किती क्षीण? पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी. १९६८ साली अमेरिकेत डेव्हिड कोहेन यांनी ते पहिल्यांदा मोजून दाखवलं. आज असं मोजणारं यंत्र जाड धातूच्या भिंतींच्या खास खोलीत ठेवतात. इथे ट्राम तर सोडाच, जवळची लिफ्टसुद्धा घोटाळा करू शकते. २०१० साली शिंग तिआन आणि डेव्हिड पॉपेल यांनी असं यंत्र माणसांच्या डोक्याला लावून त्यांना सांगितलं, अमुक अक्षर उच्चारता आहात अशी कल्पना करा. बोलल्याची कल्पना झाली आणि क्षणभरात मेंदूचा ऐकण्याचा भाग असा वागला, जणू काही खरंच ऐकलं! मनातल्या मनात तुम्ही बोलता, आणि ऐकताही तुम्हीच.

आता माझा आवडता प्रयोग. तुमच्या आजी-आजोबांना किंवा आईबाबांना पु. ल. देशपांड्यांचं पुस्तक द्या, आणि पानभर मुकाट्याने वाचायला सांगा. मग विचारा, कोणाचा आवाज आला? ज्यांनी पुलंच्या ध्वनिफिती ऐकल्या आहेत, ‘म्हैस’ किंवा ‘अंतू बर्वा’ पाठ होईपर्यंत ऐकलं आहे, ते बहुतेक सांगतील, “अरे, पुलंच वाचून दाखवतात!” कुठे थांबायचं, कुठे आवाज बारीक करायचा, सगळं तसंच्या तसं. पुलं २००० साली गेले. पण अजूनही महाराष्ट्रातल्या हजारो घरांत रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ते कोणाच्या तरी डोक्यात वाचून दाखवत असतात. गंमत म्हणजे त्यांनी कधीच न ध्वनिमुद्रित केलेली पानंसुद्धा!

हे नुसतं वाटणं नाही. २००८ साली अमेरिकेतल्या जेसिका अलेक्झांडर आणि लिन नायगार्ड यांनी लोकांना आधी दोन माणसांचं बोलणं ऐकवलं, एक भरभर बोलणारं आणि एक रेंगाळत बोलणारं. मग मजकूर वाचायला दिला आणि सांगितलं, हा अमक्याने लिहिलाय. रेंगाळणाऱ्याचा म्हणून दिलेला मजकूर लोक हळू वाचत होते. मजकूर अवघड असला तर मूकवाचनातही हाच परिणाम दिसला. लेखकाचा वेग वाचकाच्या डोळ्यांना लागला!

फास्टर फेणेचंही असंच झालं असणार. ज्या पिढीने भा. रा. भागवतांची पुस्तकं आधी वाचली, तिने या बन्या फेणेला आपापल्या वाड्यातल्या एखाद्या द्वाड पोराचा आवाज दिला. २०१७ साली सिनेमा आला, आणि ज्यांनी तो आधी पाहिला त्यांच्या पुस्तकात त्यातला फेणे, अमेय वाघ, शिरला. मला विचाराल तर पुस्तक आधी वाचावं आणि आवाज आपला आपण निवडावा.

बरं, परक्यांचे आवाज झाले. तुमचा स्वतःचा मनातला आवाज कोणत्या ढंगात बोलतो? पुस्तकी मराठीत, की घरच्या? इंग्लंडमध्ये रूथ फिलिक आणि एमा बार्बर यांनी २०११ साली याची तपासणी केली. तिथे उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे लोक काही शब्द वेगळे उच्चारतात. त्यांनी अशी गमतीची कडवी दिली की यमक एकाच्या उच्चारात जुळावं आणि दुसऱ्याच्या उच्चारात फसावं. लोक गुपचूप वाचत होते, पण जिथे आपल्या उच्चारात यमक फसलं तिथे त्यांचे डोळे अडखळले. कॅमेऱ्याने ते टिपलं. म्हणजे मनातलं वाचनही आपल्या गावच्या बोलीतच चालतं.

अलिबागला हा प्रयोग करायला काय मजा येईल! हे घ्या, मी एक जोडलं आहे:

वाडीतल्या विहिरीचं गोड गोड पाणी,
पोहऱ्याने काढते आमची नानी.

पुणेरी शिस्तीत वाचणाऱ्याला ‘ण’ आणि ‘न’ यांची गाठ जरा टोचेल. पण ज्या आगरी घरात ‘पानी’च म्हणतात, तिथलं पोर सुर्रकन पुढे जाईल. त्याच्या डोक्यात यमक अगदी चोख बसलेलं असेल!

आणि याहून भारी गाव जवळच आहे: रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं कोर्लई. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून घडलेली एक वेगळीच बोली तिथली जेमतेम हजारभर माणसं आजही घरी बोलतात. बाहेरच्या जगाशी मराठी. मग तिथलं पोर मनात पाढे कोणत्या भाषेत म्हणत असेल? भांडणात न सुचलेलं उत्तर रात्री मनात कोणत्या भाषेत देत असेल?

हा आतला आवाज जन्मतः नसतो. दिवाळीत किल्ला करणाऱ्या चार वर्षांच्या पोराकडे पाहा. “आता इथे बुरूज. हां, आता दगड. पडला! परत लावू. मावळा इथे उभा राहील.” ते कोणाला सांगत नसतं, स्वतःलाच सांगत असतं. लेव्ह व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं की हेच मोठ्याने बोलणं पुढे पुटपुटणं होतं, आणि मग आत जातं. म्हणजे आधी मोठ्यांनी आपल्याला सांगितलं, मग आपण स्वतःला मोठ्याने सांगितलं, मग मुकाट्याने. त्यांचं ‘विचार आणि भाषा’ या विषयावरचं पुस्तक १९३४ साली आलं, त्याच वर्षी ते वारले, वय अवघं ३७. आपल्याकडेही हा विचार जुना आहे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी भर्तृहरी या व्याकरणकाराने ओठांवरच्या बोलण्याला वैखरी म्हटलं, आणि मनात जुळत असलेल्या बोलण्याला मध्यमा.

पण सगळ्यांच्या डोक्यात सारखी वर्दळ नसते. रसेल हर्लबर्ट हे अमेरिकी संशोधक लोकांना खिशात ठेवायला एक बीपर देतात. दिवसभरात केव्हाही तो वाजतो, आणि त्या क्षणी मनात काय होतं ते लिहून ठेवायचं. सरासरी पाहिली तर चार क्षणांपैकी साधारण एकातच मनात शब्द चाललेले असतात. काहींच्या बाबतीत शून्य, काहींच्या बाबतीत निम्म्याहून जास्त! बाकीच्या क्षणांत मनात चित्रं असतात, भावना असतात, किंवा नुसतं ‘कळलेलं’ असतं. लहानपणापासून खुणांची भाषा बोलणाऱ्या काही कर्णबधिरांच्या मनात हात बोलतात. उलट २०१४ साली एडिंबरोच्या पुस्तक महोत्सवाच्या निमित्ताने दीड हजारांहून जास्त वाचकांना विचारलं, तेव्हा सातातल्या साधारण एकाने सांगितलं की पात्रांचे आवाज खोलीत कोणी बोलावं इतके स्पष्ट येतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. मनात आवाज येतो तेव्हा तो आपल्याच डोक्यात आहे, हे आपल्याला कळत असतं. आवाज बाहेरून येतो असं वाटलं, तो भीती घालू लागला किंवा हुकूम सोडू लागला, तर लाजायचं नाही आणि लपवायचंही नाही. घरातल्या मोठ्यांना सांगायचं. त्यावर डॉक्टर असतात, जसे तापावर असतात.

आता तुमचं काम. तीन वाक्यं लिहा: एक आईचं, एक शाळेच्या सरांचं, एक मासळीबाजारातल्या मावशीचं. कोणाचं ते सांगू नका. घरातल्या प्रत्येकाला गुपचूप वाचायला द्या आणि विचारा, कोणाचा आवाज आला, कुठून आला, की आलाच नाही. ‘नाही’ म्हणणाऱ्याला हसू नका, ती सगळ्यात महत्त्वाची नोंद आहे. वय आणि घरची बोली शेजारी लिहा आणि कागद आम्हाला पाठवा. कोर्लईच्या वाचकांनो, तुमची पत्रं आम्ही सगळ्यात आधी छापू.