दख्खनची मोटार आणि हिमालयाचा हिवाळा

नाताळच्या सुटीत स्वतःची मोटार घेऊन हिमालयात जाण्याची हौस अलीकडे पुण्या-नाशिककडील कुटुंबांत बरीच वाढली आहे, आणि सिमल्याच्या पुढे सतलजच्या काठाकाठाने किन्नौर ओलांडून स्पितीतील काझापर्यंत जाणाऱ्या रस्त्यावर ऐन जानेवारीत महाराष्ट्राच्या क्रमांकाची गाडी दिसणे हा आता नवलाचा विषय उरलेला नाही. मनालीहून कुंझुम खिंडीवरून काझास जाणारी वाट हिवाळाभर बर्फाखाली असते. किन्नौरकडील मार्ग मात्र हिमवर्षाव थांबताच यंत्रांनी साफ करून बहुतांशी चालू ठेवला जातो, म्हणून ही मंडळी तोच धरतात. हौस स्तुत्य आहे. परंतु तिच्या सिद्धतेकडे पाहावे, तर चिवडा-चकल्यांचे डबे, लोकरीचे कपडे आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या यांची यादी पंधरा दिवस आधी तयार असते, आणि ज्या वाहनाच्या भरवशावर हा सारा संसार हलायचा त्याच्याविषयी ‘सर्व्हिसिंग झाले आहे’ एवढ्या एका वाक्यावर कारभार आटोपलेला असतो. ते सर्व्हिसिंग करणारा कारागीर कितीही कसबी असला, तरी शून्याखाली वीस अंशांत रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी त्याने बहुधा पाहिलेली नसते. आणि काझाच्या परिसरात जानेवारीच्या रात्री पारा तेवढा खाली जाणे ही नित्याची गोष्ट आहे.

म्हणून तपासणीचा आरंभ गाडीच्या पोटातील द्रवांपासून करावा. मे महिन्यात कुठल्याशा घाटात इंजिन तापले म्हणून रेडिएटरमध्ये नळाचे पाणी ओतले गेलेले असते आणि ते सर्वांच्या विस्मृतीत गेलेले असते; दख्खनच्या हवेत त्याने लगेच काही बिघडत नाही, पण हेच पाणी गोठले की सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, आणि त्या फुगण्यापुढे रेडिएटरच काय, इंजिनाचा ओतीव ठोकळासुद्धा तडकतो. ग्लायकॉलयुक्त कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घातले, तर ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे: पाणी अजिबात न घालता निव्वळ ग्लायकॉल भरल्यास संरक्षण वाढेल असे पुष्कळांना वाटते, परंतु तो एकटा असताना उणे १३ अंशांच्या आसपासच घट्ट होतो. इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘डब्ल्यू’ या अक्षराआधी जो आकडा असतो तो हिवाळ्याचा निदर्शक होय. १५ आकड्याच्या तेलाची थंडीत इंजिन फिरू देण्याची कसोटी उणे २० अंशांवर घेतात आणि ५ आकड्याच्या तेलाची उणे ३० अंशांवर, तेव्हा उत्पादकाच्या पुस्तिकेत अनुमती असेल तर लहान आकड्याचे तेल घालून निघावे. बॅटरीचे म्हणाल, तर उणे १८ अंशांवर तिची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन तिच्याकडे अधिक जोर मागत असते. तीन वर्षे झालेली बॅटरी काझाच्या पहाटेत शहाणपणाने वागेल असा भरवसा धरणे व्यर्थ आहे.

डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला आणखी एक चिंता असते, आणि तिची कल्पना पुष्कळांना तेथे पोहोचेपर्यंत नसते. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो; थंडी वाढू लागली की त्याचे बारीक स्फटिक धरतात आणि टाकीतील इंधन अद्याप वाहते असतानाच फिल्टर तुंबून इंजिन बंद पडते. लडाखसारख्या मुलखासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल पानिपतच्या कारखान्यातून काढले, यावरूनच साधे डिझेल तेथे किती अपुरे पडत असले पाहिजे ते कळेल. पूर्वी पहाडी ड्रायव्हर टाकीत रॉकेल मिसळून वेळ निभावून नेत. आजच्या इंजिनातील उच्च दाबाच्या पंपाला मात्र वंगण डिझेलचेच मिळते, आणि रॉकेलच्या कोरडेपणाने तो झिजतो, म्हणून तो उपाय आता इतिहासजमा समजावा. सखल प्रदेशात भरलेले डिझेल डोंगर चढेपर्यंत संपत आणावे आणि थंड मुलखातील पंपावर नवे भरून घ्यावे, हा साधा मार्ग उत्तम. किन्नौरातील रिकाँग पिओजवळ टाकी काठोकाठ भरल्यावाचून पुढे सरकू नये. तेथून काझा सुमारे २०० किलोमीटर आहे, आणि सुमारे ३,७४० मीटर उंचीवर असलेल्या काझाच्या पंपावर बर्फामुळे टँकर वेळेवर पोहोचेलच अशी हमी कोणी देत नाही. ज्या डिझेल गाड्यांत युरियाचे द्रावण स्वतंत्र टाकीत भरावे लागते, त्यांच्या मालकांनी ते उणे ११ अंशांवर गोठते हे ध्यानात ठेवून जादा कॅन रात्री खोलीत न्यावा. पेट्रोलवाल्यांना टाकी भरून घेण्याखेरीज यांतील कशाचीही तोशीस नाही.

चाकांतील हवेचा हिशेब मात्र सर्वांना सारखाच, आणि तो मोठा मनोरंजक आहे. पुण्यात तीस अंशांच्या दुपारी ३३ पीएसआय भरलेल्या चाकातील हवा उणे वीस अंशांत आकसते आणि तेवढ्याने दाब सात-आठ पीएसआयने उतरायला हवा. परंतु उंचीवर बाहेरची हवा विरळ असल्याने मापकातील आकडा चार-साडेचारने वर चढतो, आणि वजाबाकी होऊन सुमारे तीस उरतात. दुसऱ्या दिवशी सिमल्याकडे उतरताना दोन्ही गोष्टी उलटतात. म्हणून छोटा मापक जवळ बाळगून रोज सकाळी गाडी हलण्यापूर्वी दाब पाहावा.

बर्फात चाके फिरू लागली की साखळ्या चढवाव्या लागतात, ज्यांना तेथे सारे ‘चेन’ म्हणतात. त्या टायरच्या मापाच्याच घ्याव्यात, इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते त्यांनाच चढवाव्यात, आणि चढवल्यावर वेग ताशी तीस-चाळीसच्या वर नेऊ नये. कोरडा डांबरी रस्ता लागताच त्या उतरवाव्यात. सोसायटीच्या आवारात, भर उजेडात, हातमोजे घालून त्या एकदा चढवून पाहिल्याखेरीज कोणी निघू नये. शेजारी हसतील, तर हसोत.

आता सामान. डिकीत ज्या क्रमाने वस्तू जातात त्याच्या उलट क्रमाने त्या हाती येतात, ही गोष्ट इतकी उघड आहे की कोणाच्याच ध्यानात राहत नाही. परिणामी फावडे, साखळ्या आणि ओढण्याचा दोर तळाशी असतात आणि पाच बॅगा बर्फात काढून ठेवल्यावर ते सापडतात. जड सामान खाली, मागच्या आसनाला भिडवून ठेवावे. टपावरील कॅरिअरवर ओझे लादल्यास गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती अंग टाकू लागते. स्टेपनीत हवा आहे का, जॅक व पाना जागेवर आहेत का, हे पाहावे. जंप केबल, विजेरी, चाकाखाली लावायला लाकडी ठोकळे, दोन ब्लँकेटे आणि दिवसभराचे पाणी व खाणे हाताशी असावे. नोंदणी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र हे दस्तऐवज बरोबर असतातच. भारतीय नागरिकास या मार्गावर निराळा परवाना लागत नाही.

या प्रवासातील पहिला धोका बर्फ नव्हे, हेही सांगणे प्राप्त आहे. राजस्थान सोडून हरियाणात शिरताच डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे दाट धुके लागते. त्यात प्रखर झोताचे दिवे लावले तर उजेड धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. काच आतून धुरकटली तर थंडीत एसी कशाला, असे न म्हणता तो गरम हवेसह चालू करावा, कारण एसी हवेतील ओल काढून घेतो. किन्नौरात सावलीच्या वळणांवर रस्त्यावरून वाहिलेले पाणी रात्री गोठून काचेसारखे पारदर्शक होते. ऊन वर आल्याशिवाय तेथून निघण्याची घाई करू नये. मुक्कामी हँडब्रेक ओढून ठेवल्यास तो गोठून चिकटतो, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, आणि काचेवरील बर्फ काढण्यासाठी उकळते पाणी कदापि ओतू नये, काच तडकते.

अडकून पडण्याचा प्रसंग आला, तर ऊब राहावी म्हणून इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपणे प्राणघातक ठरते. पाकिस्तानातील मरी येथे जानेवारी २०२२ मध्ये हिमवादळात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे दगावली, आणि बर्फाने धुराडी बुजून कार्बन मोनॉक्साइड आत साचल्याने त्यांतील अनेक मृत्यू ओढवले असे मानले जाते. धुराड्यासमोरचा बर्फ फावड्याने वारंवार उपसावा, एक काच बोटभर उघडी ठेवावी आणि इंजिन तासातून थोडाच वेळ चालवावे.

वाटेवरील नाको किंवा ताबो या गावी पोलीस अथवा घरमालक ‘पुढे रस्ता बंद आहे’ म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नये. तेथेच मुक्काम वाढवावा, आणि त्यासाठी रजेच्या अर्जात दोन दिवस आधीच जास्तीचे मागून ठेवावेत.