अंगठा पुसला, पण अक्षर टिकलं का?

मंडळी, पेरणीच्या तोंडावर आपल्या गावच्या सोसायटीत नाहीतर तालुक्याच्या बँकेत जरा एक चक्कर मारून या. टेबलावर कर्जाच्या कागदांची चळत असते, बाजूला शाईचा पॅड असतो. "आजी, इथं अंगठा द्या. आता इथं. आता मागच्या पानावर." दहा-बारा ठिकाणी अंगठा उठतो. रक्कम किती, व्याज किती, जामीन कोण, हे आजीला बाहेर आल्यावर विचारा. "साहेब म्हणाले म्हणून दिला बाबा," एवढंच उत्तर मिळतं.

आता दर वेळी फसवणूकच होते असं नाही. बहुतेक कारकून भली माणसं असतात. पण शेत आपलं, कर्ज आपलं, आणि कागद वाचणार दुसराच! हा कारभार किती दिवस चालायचा?

तुम्ही म्हणाल, आता पोरं शिकली, हा प्रश्न राहिला कुठं? तर आकडा ऐका. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के भरली. पुरुष ८८.३८, बायका ७५.८७. म्हणजे सात वर्षांवरच्या दर चार बायकांमागं एकीला वाचता येत नव्हतं. खेड्यात तर प्रमाण याहून वाईट. आणि घरोघरी निम्मी शेती बायकाच करतात, हे काय वेगळं सांगायला पाहिजे?

काम जुनं आहे

मोठ्या माणसाला शिकवायचं हे खूळ सरकारनं काढलेलं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेला माणूस रात्रीच मोकळा होतो, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

पुढं १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. नंतर ती राज्यभर गेली. तिची खुबी अशी की ती गावानं उचललेली होती. शिकवणारे गावातलेच, जागा गावातली, दिवाबत्ती गावाची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा. थोडक्यात, ती गावाच्या इभ्रतीची गोष्ट झाली होती. जुन्या माणसांना विचारा, कुणाला तरी आठवत असेल.

मग १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आलं. केरळातला एर्नाकुलम जिल्हा १९९० साली देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा ठरला. आपल्याकडं सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे पुढं होते. कलापथकं फिरली, भिंती घोषणांनी रंगल्या, जिल्हाधिकाऱ्यांपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे कामाला लागले.

मग बिनसलं कुठं?

साक्षर कुणाला म्हणायचं, याचं त्या अभियानाचं माप ठरलेलं होतं. मिनिटाला ३० शब्द मोठ्यानं वाचायचे, मिनिटाला ७ शब्द बघून लिहायचे, शंभरापर्यंत आकडे लिहिता-वाचता यायचे. माप चांगलं होतं. पण एवढ्या तयारीचा माणूस म्हणजे नुकतं उगवून आलेलं रोप. त्याला पाणी नको का?

वर्ग बंद झाला, पाटी माळ्यावर गेली. घरात वाचायला कागद नाही, गावातल्या वाचनालयाला कुलूप. दोन-तीन वर्षांत अक्षर पुसट झालं. सही तेवढी राहिली. सही करता येते म्हणून सरकारी यादीत साक्षर, आणि कागद वाचता येत नाही म्हणून व्यवहारात निरक्षर, अशी माणसं गावोगाव आहेत. शिवाय त्या मोहिमेचा भर १५ ते ३५ वयावर होता. तेव्हाच्या चाळिशीतल्या बाईला कुणी फारसं विचारलं नाही.

दुसरा दोष धरसोडीचा. २००९ साली 'साक्षर भारत' आलं. ज्या जिल्ह्यांत प्रौढ स्त्रियांची साक्षरता ५० टक्के किंवा त्याहून कमी, ते जिल्हे त्यात घेतले. दर ग्रामपंचायतीला लोकशिक्षण केंद्र आणि दोन प्रेरक, मानधन महिना दोन हजार. २०१८ च्या मार्चअखेर योजना संपली. प्रेरक घरी बसले. विहीर खणायची आणि पाणी लागायच्या वेळी दोर काढून घ्यायचा, असा हा प्रकार झाला.

आता काय आहे?

२०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम मंजूर झाला. 'उल्हास' म्हणतात तो हाच. १,०३७.९० कोटी रुपयांची तरतूद, त्यात केंद्राचे ७०० कोटी आणि बाकी राज्यांचे. उद्दिष्ट देशभरात पाच कोटी माणसं. वयाची १५ वर्षं पूर्ण झालेला कुणीही निरक्षर यात बसतो, वरची मर्यादा नाही. परीक्षा १५० गुणांची. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुण. पास झालं की प्रमाणपत्र.

चांगली गोष्ट ही, की अक्षरओळखीबरोबर पैशाचे व्यवहार, मोबाईलचा वापर, आरोग्य, कायदा, धंद्याचं कौशल्य हेही यात धरलंय. अडचण ही, की सगळी भिस्त बिनमानधनाच्या स्वयंसेवकावर. कॉलेजातली पोरगी चार दिवस हौसेनं येईल. पण तिच्या पाठीशी गाव उभं राहिलं नाही, तर पाचव्या दिवशी ती का येईल?

आणि गरज तर पूर्वीपेक्षा वाढलीय. २०२१ पासून पीकपाहणी मोबाईलवर गेली. अनुदान थेट खात्यात येतं. फोनवर कुणीतरी गोड बोलून ओटीपी विचारतो आणि खातं रिकामं होतं. अंगठेबहाद्दर माणूस पूर्वी सावकाराकडं नागवला जायचा, आता घरबसल्या नागवला जातो.

गावानं काय करावं?

सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्य मंडळी, हे तुमच्यासाठी.

पहिलं, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात रस्ता, गटार, समाजमंदिर असतंच. त्यात प्रौढ शिक्षणाची एक ओळ घाला. महिला व बालकल्याणासाठी जो दहा टक्के निधी ठेवायचा असतो, त्यातून बायकांच्या वर्गासाठी काही करता येतं का, ते बघा. खडू, पाट्या, दिवा आणि चष्मे यांना काही लाखो रुपये लागत नाहीत. चष्मा विसरू नका. पन्नाशीतली बाई "मला येत नाही" म्हणते, तेव्हा पुष्कळदा तिला दिसतच नसतं.

दुसरं, वेळ. सुगी संपली की वर्ग लावा. बायकांना दुपार सोयीची असेल तर दुपारी घ्या. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपुढच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन शाळेत बसल्या. लाज मोडायला गावाची साथ लागते, ती तिथं मिळाली.

तिसरं, वाचायला काय द्यायचं? 'कमळ बघ' पुरं झालं. सातबारा वाचायला द्या, दुधाच्या डेअरीची पावती द्या, बचत गटाचं पासबुक द्या, औषधाच्या डब्यावरचं प्रमाण द्या. कामाचं अक्षर माणूस विसरत नाही.

चौथं, वाचनालय उघडं ठेवा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळं राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अनुदान मिळतं. ते कपाटाला गंज चढवण्यासाठी नाही.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्याच घरापासून सुरुवात करा. रात्री जेवणं झाली की पोराला सांगा, "आजीला आज तिच्या नावाचा सातबारा वाचून दाखव, आणि उद्या तिच्याकडनं वाचून घे." पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा, इतिवृत्तात लिहून घ्या. आणि सही करण्याआधी ते इतिवृत्त वाचून बघा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांची यादी तिथंच तयार होईल. कामाला सुरुवात करायला तेवढी यादी पुरे.