थंडीतला चोक

निफाडचा पारा घसरला, की नाशिककरांना स्वेटर आठवतो. मला अब्बांची बजाज चेतक आठवते. जानेवारीतल्या एका पहाटे अम्मीचा दमा उसळला. मी घाईघाईनं चोक ओढला आणि किकवर किक मारत सुटलो. स्कूटर काही सुरू होईना.

पेट्रोल पेटतं ते वाफ होऊन. तापलेल्या इंजिनात वजनानं साधारण 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल पुरतं. गार इंजिनात त्याची वाफ नीट होत नाही. थेंब आतल्या भिंतींना चिकटतात. म्हणून कार्ब्युरेटरनं जास्त पेट्रोल द्यावं लागतं. ते काम चोकचं. जुन्या मोटारींत झडप हवा अडवते, स्कूटरमध्ये बहुधा पेट्रोलची जादा वाट उघडते. पण अति झालं की प्लग भिजतो आणि ठिणगी पडत नाही.

अब्बा बाहेर आले. म्हणाले, ‘‘बेटा, चोक बंद कर. आधी प्लग पुसून घे.’’ तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. अम्मी वेळेत दवाखान्यात पोचली.

2020 साली बीएस-6 नियम आले. तेव्हापासून पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक नव्या दुचाक्यांत सेन्सर तापमान पाहतो आणि त्यानुसार पेट्रोल सोडलं जातं. पण तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर इंजिन तापल्यावर चोक बंद करायला विसरू नका.