रक्तातला शत्रू लवकर कसा ओळखतात?

मी डॉक्टर नाही, फौजेतून निवृत्त झालेला माणूस आहे. पण आजचा विषय प्रत्येक घराला ठाऊक हवा.

समोर कोण आहे हे कळलं नाही, तर गोळीबार अंदाजानेच करावा लागतो. रक्तात जंतू शिरून रक्तदाब कोसळला की डॉक्टरांचंही तेच होतं. ते थांबू शकत नाहीत, अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की अशा रुग्णांना योग्य औषध मिळायला पहिल्या सहा तासांत जेवढे तास उशीर होतो, त्या प्रत्येक तासामागे वाचण्याची शक्यता सरासरी ७.६ टक्क्यांनी घटते. अंदाज चुकला, तर हे तास वाया गेले.

मग तपासणीला वेळ का लागतो? रक्तात जंतू फार थोडे असतात. म्हणून रक्त पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून उबेत ठेवतात. यालाच ब्लड कल्चर म्हणतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि यंत्र इशारा देतं. याला बहुधा बारा तास ते दोन दिवस लागतात. जुन्या पद्धतीत पुढे जंतूचं नाव कळायला एक दिवस आणि कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक.

हे पुढचे दिवस आता वाचवता येतात. त्याचे तीन मार्ग.

पहिला, माल्डी-टॉफ. लेझरने जंतूची प्रथिनं नळीतून उडवतात. हलकी आधी पोहोचतात, जड मागून. त्या नक्षीवरून काही मिनिटांत नाव कळतं. लेझरने प्रथिनं अशी उडवता येतात हे दाखवणाऱ्या जपानच्या कोइची तानाका यांना २००२ चं नोबेल मिळालं. पण नाव कळलं म्हणजे शस्त्र कळलं असं नाही.

दुसरा, पीसीआर. इशारा दिलेल्या बाटलीतून साधारण तासाभरात नाव आणि औषधाला दाद न देणारी काही जनुकं सापडतात. नवी दिल्लीचं नाव चिकटलेलं एनडीएम त्यातलंच. मात्र यादीत नसलेलं जनुक यात दिसत नाही, आणि खर्चही बराच.

तिसरा आपल्या जिल्हा रुग्णालयांना परवडेल असा. बाटलीतला द्रव थेट ताटलीवर पसरून औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि चार, सहा, आठ तासांनी वाचायच्या. युरोपातल्या युकास्ट समितीने त्याचे नियम ठरवून दिले आहेत.

पण यंत्र पुरेसं नाही. माझ्या एका सहकाऱ्याच्या पत्नीच्या बाटलीने संध्याकाळी इशारा दिला. प्रयोगशाळेला कुलूप, वॉर्डात निरोप दुसऱ्या सकाळी. खबर वेळेवर पोहोचली नाही, तर ती मिळून उपयोग काय?

तुमच्या हाती काय? अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चर घेतलं का, हे नम्रपणे विचारा. मात्र त्यासाठी औषध लांबवायला सांगू नका. मोठ्या माणसाचं दोन जागांहून, दर बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त घेतात, ‘एवढं कशाला?’ म्हणू नका, कमी रक्तात जंतू निसटतो. रिपोर्ट आल्यावर औषध बदलायचं का, हेही विचारा. आणि पाकिटावर लाल रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.