अचलपूरपर्यंत पोहोचलेला यशया

दिवाळीचा फराळ संपत आला की अचलपूर-परतवाड्याच्या ख्रिस्ती घरांना नाताळचे वेध लागतात. नाताळच्या उपासनेत नव्या कराराबरोबर जुना करारही वाचला जातो. मीखाच्या पाचव्या अध्यायात बेथलेहेमचे नाव येते, यशयाच्या नवव्या अध्यायात जन्माला येणाऱ्या बालकाचे वर्णन येते. ऐकणाऱ्यांतल्या अनेकांना हे लहानपणापासून पाठ असते आणि त्यामागचा दावाही ठाऊक असतो. येशूच्या जन्माआधी कित्येक शतके हे लिहून ठेवले होते, ते त्याच्यात खरे झाले, म्हणून हा विश्वास खरा. दावा मोठा आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे, म्हणून हे नाणे दुसऱ्याने वाजवण्याआधी आपणच वाजवून घ्यावे असे मला वाटते.

भाकीत ही गोष्ट वऱ्हाडाला नवी नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाणी, पिके, राजकारण यांचा अंदाज सांगितला जातो. कापूस पेरायचा की सोयाबीन, या विचारात पडलेला शेतकरी तो कान देऊन ऐकतो. पण कोणत्याही भाकिताला दोन प्रश्न विचारावेच लागतात. ते घटनेच्या आधी सांगितले होते याचा पुरावा काय? आणि ते इतके नेमके होते का, की खोटे ठरण्याची पाळीही त्याच्यावर येऊ शकली असती? बायबलमध्ये ही कसोटी आधीच घालून दिली आहे. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे की, संदेष्ट्याने परमेश्वराच्या नावाने सांगितलेले घडले नाही, तर ते परमेश्वराचे बोलणे नव्हे.

मराठीत हा युक्तिवाद चारशे वर्षांपूर्वी आला. गोव्यातल्या राचोलचे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची रचनाच वचन आणि पूर्ती अशी आहे. पहिल्या पुराणात सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा आणि तारणाऱ्याची वाट पाहणे, दुसऱ्या पुराणात त्याचे येणे.

एकोणिसाव्या शतकात हा विषय ओव्यांतून वादाच्या फडात उतरला. जॉन म्यूर या ख्रिस्ती संस्कृत अभ्यासकाने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि खरा धर्म ओळखण्याच्या खुणा सांगितल्या, त्यांत चमत्कारांची साक्ष पहिली. त्याला त्याच वर्षी संस्कृतातूनच उत्तर दिले ते सिहोरच्या सुबाजी बापूंनी. काशीत वाढलेल्या नीळकंठशास्त्री गोरे या कोकणस्थ तरुणाने ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून म्यूरांचा प्रतिवाद केला. पुढे हेच नीळकंठशास्त्री बायबल खोडून काढण्यासाठी वाचू लागले आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. मुंबईत १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात समुद्रकिनारी उघड्यावर वाद चालला. तो जॉर्ज बोवेन या मिशनरीने पुस्तकरूपाने छापला. हे बोवेन स्वतः तरुणपणी नास्तिक होते.

त्या काळच्या मिशनरींच्या सामानात स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर कीथ यांचे भविष्यवादांच्या पूर्तीवरचे पुस्तक बहुधा असायचेच, इतके ते लोकप्रिय होते. बायबलमध्ये ज्या नगरांचा नाश सांगितला, ती आज कशी उजाड पडली आहेत, हे प्रवाशांच्या वर्णनांवरून दाखवायचे, असा त्याचा रोख. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन १८४३ मध्ये धनजीभाई नवरोजी या पारशी ख्रिस्ती तरुणाला बरोबर घेऊन बायबलमधल्या देशांतून फिरले आणि १८४७ मध्ये त्यांनी त्या प्रवासाचे दोन जाड खंड प्रसिद्ध केले.

या पद्धतीत सोर या नगराचे उदाहरण हमखास यायचे, अजूनही व्यासपीठावरून येते. यहेज्केलाच्या सव्विसाव्या अध्यायात सोरचे दगड, लाकूड आणि माती पाण्यात टाकली जाईल असे सांगितले आहे. इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरने बेटावरचे सोर घेण्यासाठी किनाऱ्यावरच्या जुन्या शहराचे अवशेष समुद्रात टाकून बांध घातला आणि सात महिन्यांच्या वेढ्यानंतर ते जिंकले. हे ऐकताना अंगावर काटा येतो. पण पुढचे बहुधा सांगितले जात नाही. त्याच अध्यायात नाव अलेक्झांडरचे नाही, बाबेलच्या नबुखद्नेस्सराचे आहे. त्याने तेरा वर्षे वेढा दिला, पण सांगितल्याप्रमाणे लूट त्याच्या हाती लागली नाही. हे विरोधकांचे म्हणणे नव्हे. यहेज्केलाच्याच एकोणतिसाव्या अध्यायात म्हटले आहे की, सोरपायी सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, आणि राजाला मोबदला काहीच मिळाला नाही. शिवाय पुन्हा बांधले जाणार नाही असे ज्याच्याविषयी म्हटले, ते नगर लेबनॉनच्या किनाऱ्यावर आजही वसलेले आहे. सोरचे उदाहरण देणाऱ्याने हे दोन्ही अध्याय वाचून दाखवावेत. ज्यांनी हे ग्रंथ जपले त्यांनी अडचणीचे वचन खोडून टाकले नाही, हे मला त्या बांधाइतकेच मोलाचे वाटते.

असेच काही पुरावे मी बाजूला ठेवतो. जखऱ्याच्या नवव्या अध्यायातला राजा गाढवावर बसून येतो, आणि येशू यरुशलेमेत तसाच शिरला. पण येशूला जखऱ्या ठाऊक होता. त्याने ते जाणूनबुजून केले, आपण कोणत्या प्रकारचे राजे आहोत हे लोकांना दाखवण्यासाठी केले. ती कृती बोलकी आहे, पण तिला योगायोगापलीकडचा पुरावा म्हणता येणार नाही. मत्तयाने तर गाढवी आणि शिंगरू अशी दोन जनावरे लिहिली, मार्कने एकच. होशेयाच्या अकराव्या अध्यायातले मिसरातून बोलावलेले मूल म्हणजे मुळात इस्राएल राष्ट्र, तेही होऊन गेलेल्या काळातले. मत्तय ते येशूला लावतो, तेव्हा इस्राएलची कथा येशूत पुन्हा घडली असे त्याला म्हणायचे आहे. ते समजून वाचले तर सुंदर आहे, भाकीत म्हणून ताणले तर तुटते. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक पीटर स्टोनर यांनी आठ भविष्यवाद एकाच माणसात खरे ठरण्याची शक्यता एकावर सतरा शून्यांत एक अशी काढली होती. तो आकडा आजही प्रवचनांतून फिरतो. गुणाकार बरोबर असेल, पण गुणायला घेतलेले आकडे अंदाजाचे होते. अशा हिशेबावर कोणी विश्वास उभा करू नये.

मग उरते काय? माझ्या मते जे उरते तेच मोठे आहे.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत बदाऊनी मेंढपाळांना मडक्यांत ठेवलेल्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची संपूर्ण गुंडाळी होती. चामड्याचे सतरा तुकडे शिवून केलेली, सुमारे सव्वासात मीटर लांब, चौपन्न स्तंभांत लिहिलेली. लिहिताना सुटलेले शब्द दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात घातले आहेत, काही दुरुस्त्या दुसऱ्या हाताच्या आहेत. म्हणजे ही कोणाच्या तरी रोजच्या वाचनातली पोथी होती. तिचा काळ इ.स.पू. १२५ च्या आसपासचा धरतात. तोवर आपल्या हाती असलेल्या हिब्रू प्रती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातल्या होत्या. एका शोधाने पुरावा हजार वर्षे मागे गेला. यशयाचा उत्तरार्ध खुद्द यशयाचा की बाबेलच्या बंदिवासातल्या त्याच्या वारसाचा, हा वाद अभ्यासकांत आहे. उत्तरार्ध बंदिवासातला मानणारे बहुसंख्य आहेत. पण या प्रश्नापुरता तो वाद आड येत नाही. दोन्हीपैकी काहीही धरले तरी त्रेपन्नावा अध्याय येशूच्या आधीचाच. ख्रिस्ती लोकांनी तो मागाहून घुसवला, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही.

त्या अध्यायात एक सेवक आहे. दिसायला देखणा नाही, लोकांनी तुच्छ लेखलेला. तो इतरांच्या अपराधांसाठी घायाळ होतो. लोकर कातरणाऱ्यांपुढे मेंढी गप्प राहते तसा तो गप्प राहतो. अन्यायाने त्याला नेले जाते, मरणात तो दुष्टांबरोबर आणि धनवानाबरोबर असतो. आणि एवढे सोसून झाल्यावर तो आपल्या श्रमांचे फळ पाहतो. मार्कच्या पंधराव्या अध्यायात रोमन सुभेदार पिलातापुढे येशू गप्प उभा आहे, दोन लुटारूंच्या मध्ये वधस्तंभावर आहे, आणि अरिमथाईचा योसेफ, जो श्रीमंत होता असे मत्तय सांगतो, त्याला कबरीत ठेवतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी यशया डोळ्यांसमोर ठेवून शब्द निवडले असतील, हे मी नाकारत नाही. पण पिलाताच्या हातून येशूला देहदंड झाला, ही गोष्ट ख्रिस्ती नसलेला रोमन इतिहासकार टॅसिटसही सांगतो. ती त्यांनी रचलेली नव्हती, आणि रोमचा वधस्तंभ कोणी स्वतःच्या सोयीने जुळवून आणत नाही.

यहुदी वाचक इथे हरकत घेतात, आणि ती नीट ऐकायला हवी. अकराव्या शतकातल्या राशी या थोर भाष्यकाराने हा सेवक म्हणजे छळ सोसणारे इस्राएल राष्ट्र असे म्हटले. तिसऱ्या शतकात ऑरिजेन या ख्रिस्ती लेखकानेही यहुदी पंडितांकडून असाच अर्थ ऐकल्याची नोंद केली आहे. महाराष्ट्रात ही हरकत परदेशी नाही. आपले बेने इस्राएल, कोकणातले शनिवार तेली, हीच शास्त्रे जपत आले. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा ते खडकावर दाखवतात. त्यांना हिब्रू शिकवण्यासाठी विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. त्यांनी हिब्रू आत्मसात केले, पण बहुतेकांनी येशूला मशीहा मानले नाही. एकच मजकूर प्रामाणिकपणे वाचून दोन समाज दोन निर्णयांवर येतात, हे ख्रिस्ती लेखकाने मान्य केलेच पाहिजे. माझे मत मात्र असे. यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात सेवकाला इस्राएल म्हटले आहे, आणि लगेच त्याच सेवकाने इस्राएलला परत आणायचे आहे. राष्ट्रासाठी सोसणारा कोणी एक राष्ट्रातूनच उभा राहतो, असे म्हटल्याशिवाय ते कोडे मला सुटत नाही.

त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. इस्राएलला परत आणणे एवढेच काम या सेवकाला थोडे आहे, त्याने राष्ट्रांना प्रकाश व्हायचे आहे, पृथ्वीच्या शेवटापर्यंत. बहुसंख्य अभ्यासकांचे मत धरले, तर हे लिहिले तेव्हा तो समाज हरलेला, मंदिर गमावलेला, परक्यांच्या राज्यात होता. मोठी राज्ये आपापल्या देवांची थोरवी गात होती. त्या देवांपैकी बहुतेकांची आज कोणी पूजा करत नाही. आणि अचलपूर, जे त्या लिहिणाऱ्याच्या कल्पनेतही नसेल, तिथे १८७० च्या दशकात मिशनरी अल्बर्ट नॉर्टन कोरकू आदिवासींमध्ये येऊन राहिले. मागाहून कोरकू मिशन आले, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू झाली, अकोल्याकडे अलायन्स मिशनच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि १९५३ ते १९८३ अशी तीस वर्षे यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत धर्मशास्त्राचे शिक्षण चालले. यशया वऱ्हाडापर्यंत चालत आला.

यावर कोणी म्हणेल, मिशनरी ते वचन वाचूनच आले, मग यात भाकीत कसले? आणि इंग्रजी राज्याच्या आधाराने आले. दोन्ही खरे आहे, आणि राज्यकर्त्यांच्या सावलीत धर्म सांगण्याचे ओझे आमच्या मंडळ्यांनी नाकारू नये. पण पहिली तीनशे वर्षे हा संदेश पसरला तो राज्य हाती नसताना, राज्याचा मार खात. केरळातले ख्रिस्ती तर इंग्रजांच्या आधी कितीतरी शतके इथलेच होते. वधस्तंभावर मारलेल्या एका यहुद्याच्या नावामुळे अब्राहामाच्या देवाची मेळघाटच्या पायथ्याशी प्रार्थना केली जाते, याचा हिशेब केवळ साम्राज्याने लागत नाही. गाढवापेक्षा, सोरच्या बांधापेक्षा मला हा पुरावा भारी वाटतो.

पुराव्याने माणूस ख्रिस्ती होतो का? क्वचित. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात भेटलेल्या एका युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते भाकीत खरे ठरले हे टिळक सांगत, पण त्यांना जिंकले ते डोंगरावरील प्रवचनाने. पंडिता रमाबाईंवर नेहेम्या गोऱ्यांच्या लेखनाचा मोठा परिणाम झाला, तरी १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतरही त्यांचा शोध चालूच होता. भविष्यवाद दार उघडतात, आत जायचे की नाही हे वाचणारा ठरवतो.

म्हणून एवढे करा. यशया बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून त्रेपन्नाव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत वाचा, आणि लगेच मार्कचे चौदा व पंधरा अध्याय वाचा. मराठी बायबल परतवाड्याच्या कोणत्याही ख्रिस्ती घरी मिळेल, हक्काने मागा. तासाभराचे वाचन आहे. माझे मत बाजूला ठेवा आणि तुमचे तुम्ही ठरवा.