उलट्यांचे मूळ मनात नव्हे, जनुकांत

गर्भारपणातील मळमळ आणि उलट्यांना आपल्याकडे ‘कडक डोहाळे’ म्हणण्याची रीत आहे. शब्दात कौतुक आहे. पण जिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही, तिच्या वाट्याला कौतुकापेक्षा शंकाच अधिक येते. ‘आम्हीही बाळंतपणे केली, इतके कुठे होते?’ हा प्रश्न मस्कतच्या घरातही पुण्या-नाशिकहून फोनवर येऊन पोहोचतो. येथे हाताशी आई वा सासू नसते, पती दिवसभर कामावर असतो आणि बाहेर उन्हाची काहिली असते. अशा वेळी हा त्रास ‘मनाचा’ आहे की शरीराचा, या प्रश्नाच्या उत्तरावर एखाद्या स्त्रीला वेळेवर उपचार मिळणे अवलंबून असते.

दहा गर्भवतींपैकी सुमारे सात जणींना मळमळ वा उलट्या होतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात त्या सुरू होतात, नवव्याच्या सुमारास कळस गाठतात आणि गर्भारपणाच्या मध्यापर्यंत बहुतेकींच्या ओसरतात. मात्र शंभरात तीनपर्यंत स्त्रियांना ‘हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम’ हा तीव्र विकार होतो. त्यात वजन अनेकदा पाच टक्क्यांहून अधिक घटते, शरीरातील पाणी व क्षार कमी होतात आणि सलाईनवाचून भागत नाही. ‘ब१’ जीवनसत्त्व फार काळ मिळाले नाही, तर मेंदूलाही इजा होऊ शकते. विसाव्या शतकात बराच काळ काही डॉक्टर या विकाराचा अर्थ ‘गर्भाचा सुप्त नकार’ असा लावत असत.

त्या समजाला पहिला धक्का कौटुंबिक इतिहासाने दिला. नॉर्वेतील जन्मनोंदींच्या २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या आईला हा विकार झाला होता अशा मुलींमध्ये त्याचे प्रमाण ३ टक्के, तर इतरांमध्ये १.१ टक्के आढळले. अशा मातांच्या मुलांच्या पत्नींमध्ये मात्र धोका वाढलेला दिसला नाही. म्हणजे या बाबतीत सासूपेक्षा आईचा इतिहास विचारणे अधिक उपयोगाचे!

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मार्लेना फेझो यांनी १९९९मध्ये याच विकारात आपले बाळ गमावले. पुढे त्यांनी संशोधनाचा हाच विषय निवडला. २०१८मध्ये त्यांच्या गटाने हजारो स्त्रियांच्या जनुकीय माहितीची तुलना करून ‘जीडीएफ१५’ या जनुकाकडे बोट दाखवले. या जनुकापासून बनणारे संप्रेरक मेंदूच्या मागील भागातील केंद्राला मळमळीचा संदेश देते. डिसेंबर २०२३मध्ये फेझो आणि केंब्रिजचे स्टीफन ओ’राहिली यांच्या ‘नेचर’मधील शोधनिबंधाने पुढचा दुवा जोडला. गर्भवतीच्या रक्तातील हे संप्रेरक मुख्यतः गर्भ आणि वार यांच्याकडून येते. गर्भारपणापूर्वी जिच्या रक्तात ते मुळातच कमी असते, तिच्या शरीराला त्याची सवय नसते. त्यामुळे अचानक वाढलेली पातळी तिला सोसत नाही. या जनुकातील एक दुर्मिळ बदल असलेल्या स्त्रियांमध्ये तर धोका किमान दहापट वाढतो. गर्भाचा जनुकसंच वेगळा असतो; म्हणूनच एकाच स्त्रीची दोन गर्भारपणे सारखी नसणे शक्य आहे.

याचा उलटा पुरावा थॅलेसेमियातून मिळाला. बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या रक्तात हे संप्रेरक आयुष्यभर चढे असते. याच निबंधासाठी श्रीलंकेत पाहिलेल्या अशा स्त्रियांपैकी गर्भारपणात मळमळ वा उलट्या झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के, तर इतर स्त्रियांमध्ये ते ६० टक्क्यांहून अधिक होते. ओमानमध्ये राष्ट्रीय पाहणीत सुमारे २ टक्के मुले बीटा थॅलेसेमियाची वाहक आढळली होती, त्यामुळे हा आजार येथे अनोळखी नाही. मात्र निष्कर्ष रुग्णांविषयीचा आहे. केवळ वाहक असलेल्या स्त्रीने स्वतःला सुरक्षित समजू नये.

जनुक म्हणजे ललाटलेख नव्हे. आई वा बहिणीला हा त्रास झाला असेल, तर पहिल्याच तपासणीत ते डॉक्टरांना सांगावे, म्हणजे ‘ब६’ जीवनसत्त्व व डॉक्सिलामाइन यांसारखी औषधे वेळेत सुरू करता येतात. चोवीस तास काहीही पोटात राहिले नाही, किंवा आठ तास लघवी झाली नाही, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. गर्भधारणेपूर्वीच संप्रेरकाची पातळी हळूहळू वाढवून शरीराला सवय लावता येईल का, हेही तपासले जात आहे आणि त्यात मधुमेहावरील मेटफॉर्मिनचा विचार होत आहे. तो प्रयोग कुणी आपल्या मनाने करू नये.

औषधांना वेळ लागेल. विश्वासाला लागण्याचे कारण नाही. घरात एखादी गर्भवती ‘मला सहन होत नाही’ म्हणाली, तर पती, सासर आणि कार्यालय यांनी ते खरे मानावे. ते खरे मानायला आता विज्ञानाचाही आधार आहे.