पोखरण पाठ, पोफरण कुठे?

मीरा रोडहून विरार गाठावे, तिथे डहाणू लोकल धरावी, की बोईसर येते. तारापूरचे अणुवीज केंद्र तिथून जवळच. अमेरिका-रशियाचे शीतयुद्ध म्हटले की आपले विचारवंत बर्लिन आणि क्युबा सांगतात. आम्ही म्हणतो, बोईसरला उतरून पाहा.

1953 साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी शांततेसाठी अणू अशी घोषणा केली. नवस्वतंत्र देश रशियाच्या गोटात जाऊ नयेत, हा त्यामागचा हिशेब होता. 1962 ला चीनकडून भारताचा पराभव झाला आणि ऑगस्ट 1963 मध्ये तारापूरच्या करारावर सह्या झाल्या. अणुभट्ट्या अमेरिकन जनरल इलेक्ट्रिकच्या, कर्ज अमेरिकेचे आणि 30 वर्षे इंधनही अमेरिकेचेच! 1969 ला वीज सुरू झाली.

1974 ला इंदिरा गांधींनी पोखरणला स्फोट केला. अमेरिकेने 1978 ला नवा कायदा करून इंधन अडवले. करार असताना! म्हणजे भट्टी आपल्या दारात आणि किल्ली वॉशिंग्टनमध्ये. 1982 ला तडजोड होऊन फ्रान्स आला, 1995 ला इंधन दिले चीनने, 2001 ला रशियाने. ज्या चीनच्या भीतीने सारी धावाधाव, त्याच्याच युरेनियमवर तारापूर चालले. याला स्वावलंबन म्हणायचे काय?

बाबासाहेबांनी ऑक्टोबर 1951 मध्ये मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याच्या निवेदनात स्पष्ट आकडे मांडले होते. 350 कोटींच्या महसुलातील 180 कोटी सैन्यावर जातात आणि याला कारण आपले परराष्ट्र धोरण. महासत्तांच्या झटापटीत कोणाच्या ताटातले जाते, हे त्यांनी अणुबॉम्बच्या कितीतरी आधी ओळखले होते. आमच्या मध्यमवर्गाला मात्र 1998 ला पेढे वाटण्यातून सवड नव्हती.

त्याच तारापूरला पुढे 540 मेगावॅटच्या दोन भट्ट्या आल्या, 2005 आणि 2006 मध्ये त्या सुरू झाल्या. या वेळी तंत्रज्ञान देशी होते, त्याचे कौतुक जरूर करावे. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही किनाऱ्यावरची गावे उठवली गेली. पोखरण शाळेतल्या पोराला पाठ आहे. एका अक्षराच्या फरकाचे पोफरण मीरा रोडला किती जणांना ठाऊक आहे? तिथल्या मच्छीमारांना न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागले. घर समुद्रापासून लांब मिळाले, तर होडी लावायची कुठे?